‘उघड कारण नसताना’: स्वमग्न मुलांची भीती मोजताना

(कराडजवळच्या मलकापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

एखाद्या मुलाची स्वमग्नता किती तीव्र आहे हे ठरवून त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र द्यायचं असेल, तर भारतात ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’ ही मापनश्रेणी वापरली जाते. ती सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. तिच्यात ६ विभाग आणि ४० बाबी आहेत. प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज ७०च्या आत आली तर स्वमग्नता नाही, १०६पर्यंत सौम्य, १५३पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. यातला दुसरा विभाग भावनिक प्रतिसादाचा आहे. त्यात पाचच बाबी आहेत. चौथी बाब आहे मुलाला धोक्याची भीती न वाटणं. पाचवी बाब म्हणजे उघड कारण नसताना उत्तेजित किंवा अस्वस्थ होणं.

आजचं व्याख्यान या पाचव्या बाबीवर आहे. कारण उघड नाही, पण कुणाला? ज्याला अस्वस्थ वाटतं त्याला, की गुण देणाऱ्याला?

समजा, मलकापुरातला सात वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला बोलता येतं, पण मोजकंच. रोज सकाळी रिक्षावाले काका त्याला शाळेत सोडतात. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे इथले रस्ते किती वेळा वळवले गेले, हे मलकापूरकरांना सांगायला नको. एका सकाळी नेहमीचं वळण बंद असतं म्हणून काका रिक्षा सेवारस्त्यानं पुढं नेतात आणि लांबून फिरवून आणतात. मुलगा रिक्षात काहीच बोलत नाही. शाळेच्या फाटकातून आत येतो, जागेवर बसतो आणि शेजारच्या मुलीनं त्याची पट्टी हातात घेताच स्वतःचा हात कडकडून चावतो. बाई वहीत लिहितात, ‘आज विनाकारण त्रास दिला.’ बाईंचं काही चुकलेलं नाही. त्यांनी डोळ्यांसमोर जे घडलं तेच लिहिलं. पण खरं कारण तिथून दोन किलोमीटर मागं, बंद वळणापाशीच राहिलं होतं, आणि वर्गातल्या कुणालाही ते दिसणं शक्य नव्हतं.

अशा मुलांची भीती मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारील. स्वमग्नता आहेच, तिच्यात हेही आलं. या समजुतीनं मुलांचं फार नुकसान केलं आहे. नेदरलँड्समध्ये फान स्टेन्सेल आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये ३१ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. त्यात २,१२१ मुलं होती. त्यांतल्या ३९.६ टक्के मुलांना चिंतेचा निदान करण्याजोगा किमान एक विकार होता. सर्वांत जास्त प्रमाण एखाद्या ठरावीक वस्तूच्या किंवा प्रसंगाच्या तीव्र भीतीचं होतं, जवळपास ३० टक्के. म्हणजे शंभरातल्या चाळीस मुलांना स्वमग्नतेच्या जोडीला आणखी एक आजार आहे, आणि त्या आजारावर इलाज करता येतो. स्वमग्नता औषधानं जात नाही. ती घालवायची गोष्टही नाही. चिंता मात्र कमी करता येते. अमेरिकेत जेफ्री वूड यांच्या गटानं २०२०मध्ये १६७ मुलांवर झालेला तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वमग्न मुलांसाठी मुद्दाम बदलून घेतलेली वर्तनोपचार पद्धती नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. पण इलाज सुरू करायचा तर आधी आजार नजरेला यायला हवा, आणि इलाज लागू पडला की नाही हे कळायला तो पुन्हा मोजताही यायला हवा.

नवल असं की भीती या कहाणीत पहिल्या दिवसापासून आहे. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये ११ मुलांवर जो निबंध लिहिला, तिथून स्वमग्नतेचा आधुनिक इतिहास सुरू होतो. त्या निबंधात घाबरलेली मुलं जागोजागी भेटतात. तीनचाकी सायकल, झोपाळा, लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, नळाचं वाहतं पाणी, गॅसची शेगडी, अंडी फेटायचं यंत्र, इतकंच काय वारासुद्धा कुणाला ना कुणाला थरकाप आणत होता. सगळं होतं तसंच राहावं हा या मुलांचा आग्रह चिंतेतून येतो, असंही कॅनर यांनी लिहून ठेवलं. पुढच्या चाळीस वर्षांत निदानाचे निकष बांधले गेले आणि त्यात आग्रह तेवढा उरला. त्याच्या मुळाशी असलेली चिंता मागं पडली. एका मोठ्या निदानाच्या सावलीत दुसरी व्यथा झाकली जाते, हे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन राइस यांनी १९८२च्या सुमारास बौद्धिक अक्षमता असलेल्यांबाबत दाखवून दिलं. स्वमग्न मुलांच्या बाबतीत आजही हेच घडतं. मूल कानांवर हात ठेवून बसलं की ‘ऑटिझममुळे’ म्हणायचं आणि पुढच्या पेशंटला बोलवायचं.

मुलांमधली चिंता मोजण्याच्या प्रश्नावल्या जगात पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियातल्या सुझन स्पेन्स यांची ४४ प्रश्नांची श्रेणी १९९८पासून अनेक देशांत वापरात आहे. बिर्माहर यांची, आता ४१ प्रश्नांची असलेली ‘स्केअर्ड’ त्याच्या एक वर्ष आधीची. या प्रश्नावल्या उत्तम आहेत. पण त्या तयार झाल्या इतर मुलांसाठी. मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतं का, असा प्रश्न त्यात येतो. इतर मुलांत ही खूण मंत्रचळाची असते. स्वमग्न मूल मात्र पंख्याचं बटण वीस वेळा दाबतं ते कित्येकदा निव्वळ आनंदासाठी. मूल अनोळखी लोकांत जायचं टाळतं का? टाळतं. पण लोक आपल्याला हसतील म्हणून, की लोकांमध्ये त्याला मुळात रसच नाही म्हणून? आईवाचून राहायला घाबरतं का? चड्डीची गाठ आईच सोडते, तहान लागली हे आईलाच कळतं, तर आई दिसेनाशी झाल्यावर त्यानं घाबरू नये तर काय करावं? उत्तर ‘हो’ येतं, गुण वाढतात आणि बेरीज फुगते.

मलकापुरानं घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, त्यामुळे पुढची गोष्ट इथं चटकन पटेल. ज्या गावात नळाला ठरावीक वेळेलाच पाणी येतं, तिथं पाण्याआधी नळीतली हवा धावते आणि मीटरचा काटा हवेवरही फिरतो. आकडा पडतो, पण घरात थेंब आलेला नसतो. स्वमग्न मुलासमोर तयार प्रश्नावली ठेवली की तिच्यातले काही गुण असेच हवेचे असतात. उलटही घडतं. खरी भीती ज्या वाटेनं येते, तिथं मीटर बसवलेलाच नसतो. कुत्रा, अंधार, उंची, परीक्षा, चोर यांविषयी प्रश्न असतात. कुकरची शिट्टी, फुगा फुटणं, मोठी दाढी, शौचालयातल्या फ्लशचा आवाज यांविषयी नसतात.

फिलाडेल्फियातल्या कॉनर कर्न्स आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला. ५९ मुलांच्या पालकांच्या त्यांनी सविस्तर मुलाखती घेतल्या आणि दोन्ही प्रकारच्या भीती वेगळ्या मोजल्या. पुस्तकात सापडणारी एक, स्वमग्नतेच्या अंगानं येणारी दुसरी. ६३ टक्के मुलांची चिंता रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी होती. फक्त पुस्तकी प्रकारची चिंता १७ टक्क्यांत, फक्त वेगळ्या प्रकारची १५ टक्क्यांत आणि दोन्ही ३१ टक्क्यांत. मधला आकडा पुन्हा वाचावा असा आहे. शंभरात पंधरा मुलं अशी, की त्यांची भीती नेहमीच्या निकषांत बसतच नाही आणि तरी त्यांचं जगणं अडलेलं आहे. तयार प्रश्नावल्यांतून ती पंधरा मुलं सहज निसटली असती.

त्यानंतर या मुलांसाठी मुद्दाम बनवलेल्या श्रेणी आल्या. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जॅकी रॉजर्स यांच्या गटानं २०१६मध्ये २४ प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात अनिश्चिततेविषयी स्वतंत्र भाग आहे. पुढं काय होणार हे माहीत नसणंच कित्येक मुलांना असह्य होतं, हे पालकांशी बोलूनच त्यांच्या लक्षात आलं होतं. अमेरिकेत लॉरेन्स स्काहिल यांच्या गटाची २५ प्रश्नांची पालकश्रेणी २०१९ची. तिच्यासाठी ९९० पालकांनी उत्तरं भरून दिली. दोन्ही ठिकाणी काम उलट्या दिशेनं झालं. आधी आयाबापांना बसवून बोलतं केलं, त्यांचं म्हणणं टिपलं, आणि मग नवे प्रश्न तयार झाले. या क्षेत्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत झालेलं सगळ्यांत मोलाचं काम हेच, असं म्हणावंसं वाटतं.

तरीही एक मोठी अडचण उरतेच. या सगळ्या श्रेण्या ज्या मुलांवर तपासल्या गेल्या, त्यांतली बहुतेक बोलणारी. स्वमग्न मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलं शाळेच्या वयातही जेमतेम काही शब्द बोलतात किंवा बोलतच नाहीत. ‘छातीत धडधडतं का’ याचं उत्तर त्यांनी कसं द्यावं? बोलणाऱ्या मुलांचीही गत फार वेगळी नाही. आपल्या पोटात गोळा आला आहे, तळहात घामेजले आहेत, याला भीती म्हणतात, हे जुळवणंच त्यांतल्या अनेकांना जमत नाही. टेम्पल ग्रँडिन यांच्यासारख्या नामवंत प्राध्यापिकेनं भीती हीच आपल्या आयुष्यातली मुख्य भावना असल्याचं अनेकदा लिहिलं आहे. वयात आल्यापासून त्यांना सततच्या धास्तीनं ग्रासलं होतं आणि तिशीनंतर औषध सुरू केल्यावर ती ओसरली. इतक्या नेमक्या शब्दांत सांगणारी व्यक्ती विरळाच.

मग शरीरालाच विचारावं, हा विचार ओघानं आला. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या मॅथ्यू गुडविन यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या २० स्वमग्न मुलांच्या मनगटावर पट्टा बांधला. नाडी, त्वचेवरचा घाम, हाताची हालचाल हे सारं तो टिपत होता. मूल अंगावर धावून जाण्याच्या एक मिनिट आधी त्याचा अंदाज बांधता येतो, हे २०१९मध्ये त्यांनी दाखवलं. जे अचानक आणि विनाकारण वाटत होतं, ते शरीरात आधीच सुरू झालेलं होतं. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळ्या मुलांसाठी एकच नमुना वापरला तेव्हा अंदाज बेताचा आला. प्रत्येक मुलाचा त्याच्या त्याच्या नोंदींवरून नमुना बांधला, तेव्हा तो कितीतरी नेमका झाला. अर्थात पट्टा म्हणजे सगळ्यावर उतारा नव्हे. कित्येक मुलांना मनगटावर घड्याळसुद्धा सहन होत नाही. शिवाय नाडी आनंदानंही वाढते, जिना चढल्यावरही वाढते.

त्या मुलाचं मोजमाप त्याच्याच पट्टीनं करायचं, हे सूत्र धरलं की महागड्या यंत्राआधी एक वही आठवते. कॅनर यांच्या निबंधातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या लहानशा गावचा. त्याचे वडील वकील होते. मुलाला बाल्टिमोरला नेण्याआधी, १९३८मध्ये, त्यांनी कॅनर यांना ३३ पानांचं पत्र टंकलिखित करून पाठवलं. मूल काय खातं, कशानं दचकतं, कुठले शब्द पुन्हा पुन्हा म्हणतं, सारं बारकाईनं. कॅनर यांच्या पहिल्या प्रकरणाचा पाया म्हणजे हे पत्र. डोनाल्डला तीनचाकीवर जबरदस्तीनं बसवू पाहिलं की तो हादरून जाई, हेही आईवडिलांच्याच लिहिण्यातून कळतं. हाच डोनाल्ड पुढं पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, विशी उलटताना मोटार चालवायला शिकला, देशोदेशी फिरला आणि २०२३मध्ये ८९व्या वर्षी वारला. तीनचाकीच्या भीतीवरून त्याच्या भविष्याचा निवाडा कुणी केला असता तर तो साफ चुकला असता.

इथल्या आईची वही अशीच असू शकते. शंभर पानी, कुठल्याही दुकानात मिळणारी. पानावर चार रकाने आखायचे: वेळ, आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. नमुन्याला एक पान असं दिसेल. सोमवार, सकाळी सव्वासात. वीज गेली, मिक्सर बंद पडला, वीज आल्यावर एकदम सुरू झाला. कान झाकले, माजघरात पळाला, वीस मिनिटं पलंगाखाली. मंगळवार, संध्याकाळी सहा. पाहुणे आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले. काही केलं नाही, पण रात्री जेवला नाही, दोनला उठला. बुधवार, चार वाजता. उसाचा ट्रॅक्टर कर्णे लावून गेला. शर्टाची कॉलर चावली, मग पंधरा मिनिटं झोपाळ्यावर. अशा दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की ‘विनाकारण’ हा शेरा मारायची वेळ फारशी येत नाही. मंगळवारची नोंद तर मुद्दाम बघावी. मूल शांत होतं, म्हणून त्या दिवशी सगळं ठीक होतं असं घरच्यांनी धरलं असतं. काही मुलं, आणि त्यांत मुली बऱ्याच, भीतीनं थिजून जातात. त्यांचा कुणालाच त्रास नसतो आणि म्हणून त्यांच्यासाठी कुणी केसपेपर काढत नाही.

वहीचा आणखी एक उपयोग डॉक्टरांना होतो. दुखणारा दात, फुटायला आलेला कान, आठ दिवसांचा मलावरोध, फिटचा झटका, यांतलं काहीही बाहेरून चिंतेसारखं दिसू शकतं. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी हे तपासायचं, मग भीतीकडे वळायचं. हा क्रम चुकला तर दाढ किडलेल्या मुलाला मनाचं औषध सुरू होतं.

नोंद कोण करतं, यानंही मोजमाप बदलतं. परदेशी श्रेणीत ‘पालक’ म्हणजे आई किंवा बाप. इथं आई गोठ्यात, शेतात किंवा कामावर असते आणि मूल दिवसभर आजीजवळ. कुठल्या आवाजाला ते दचकतं हे आजीला ठाऊक असतं, पण फॉर्म भरताना आजीला दवाखान्यात कुणी आणलेलंच नसतं. शाळेतल्या बाईंचं उत्तर वेगळं येतं, घरचं वेगळं, आणि मुलाचं स्वतःचं, ते मिळालं तर, आणखी वेगळं. अभ्यासांमध्येही पालकांची आणि मुलांची उत्तरं फारशी जुळत नाहीत. म्हणून कुणीतरी खोटं बोलतं असं नाही. भीतीचा बाहेरचा भाग घरच्यांना दिसतो, आतला मुलालाच. मुलाचा भाग मिळवायला पाच पायऱ्यांचं चित्र कामाला येतं. कारी डन ब्युरॉन आणि मिट्झी कर्टिस यांनी २००३मध्ये ही युक्ती शिक्षकांपुढं आणली. १ म्हणजे निवांत, ५ म्हणजे सहनच होत नाही. शब्दाऐवजी मूल रंगावर बोट ठेवतं. काही मुलांना हेही जमत नाही, पण ज्यांना जमतं त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी थेट विचारलेलं असतं.

आता प्रश्न सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा. तयार श्रेणी मराठीत उतरवून घेतली की झालं, असं मानणं चुकीचं ठरेल. मूल मित्राकडे एकट्यानं रात्री राहायला घाबरतं का, या प्रश्नाला कराड-वाळव्याकडच्या खेड्यात काय अर्थ? तिथं मूल मामाच्या गावी जातं, पण घरच्यांबरोबर. उलट गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी, पालच्या खंडोबाच्या यात्रेत अंगावर उधळला जाणारा भंडारा, दिवाळीचे फटाके, लग्नातला बँड, एसटी स्टँडवरची रेटारेटी, न सांगता येणारे पाहुणे, उन्हाळ्यातलं भारनियमन, यांचे प्रश्न न्यूकॅसलला कुणी बनवले नाहीत आणि बनवणारही नाहीत. ते इथंच बनायला हवेत, न्यूकॅसलच्याच रीतीनं. आधी पाटणच्या डोंगरातल्या, कराडच्या, इस्लामपूरच्या, जतच्या आयांना आणि आज्यांना बोलतं करायचं. त्यांच्या सांगण्यातून प्रश्न काढायचे. ते निरनिराळ्या कुटुंबांना वाचून दाखवायचे आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय समजलं ते विचारायचं. मग शेकडो मुलांवर ते तपासायचे, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचे आणि अनुभवी डॉक्टरांच्या मुलाखतीशी पडताळून बघायचे.

हे अशक्य मुळीच नाही. उत्तर गोवा धरून देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमधल्या स्वमग्नतेसारख्या विकासविकारांची घरोघर पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यातच ‘संगत’ या संस्थेनं गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांच्या पुढाकारानं आधी स्वमग्न मुलांच्या कुटुंबांच्या अडचणी समजून घेतल्या. मग इंग्लंडमधली पालक-प्रशिक्षणाची पद्धत इथल्या घरांना जुळवून घेतली. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ती गोव्यात आणि रावळपिंडीत ६५ कुटुंबांपर्यंत पोहोचवली. आईवडील आणि मूल यांच्यातल्या देवाणघेवाणीत त्यानं फरक पडला. तो अभ्यास चिंतेवरचा नव्हता. पण डोंगराएवढी पदवी नसलेला माणूसही हे काम करू शकतो, हे त्यातून सिद्ध झालं.

सातारा-सांगलीत अशी माणसं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच २०१३मध्ये महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलं तपासतात. मलकापुरात ‘कृष्णा’ वैद्यकीय महाविद्यालय आहे, बालरोग आणि मानसोपचाराचे विभाग आहेत, फिजिओथेरपी आणि नर्सिंगचे विद्यार्थी आहेत. तालुक्यातल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या मुलांची ये-जा तिथं रोज असते. पंधरा-वीस प्रश्नांची श्रेणी भरायला ओपीडीबाहेरच्या बाकावर पंधरा मिनिटं पुरतात, आणि प्रश्न विचारणारा विद्यार्थी मराठी बोलणारा असला तर आजीही उत्तर देते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीची श्रेणी बदलावी अशी मागणी इथं नाही. तिचं काम वेगळं आहे आणि २०१६च्या कायद्यानं स्वमग्नतेला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिल्यापासून त्या आकड्यांवर अनेक कुटुंबांच्या सवलती अवलंबून आहेत. मागणी एवढीच, की त्या ४० बाबी तपासून झाल्यावर, मूल अजून खोलीत असतानाच, आणखी चार गोष्टी विचारल्या जाव्यात: कशाला घाबरतं, घाबरलं की काय करतं, कशानं शांत होतं, आणि या भीतीमुळे घरानं काय काय करायचं सोडून दिलं आहे. शेवटच्या प्रश्नाला आया सर्वांत जास्त वेळ बोलतात. लग्नाला जात नाही, एसटीनं जात नाही, मोठ्या मुलीचा वाढदिवस घरी करत नाही, मिक्सर शेजारणीकडे लावून आणतो. ही उत्तरं केसपेपरवर तारखेसह लिहिली गेली, तर सहा महिन्यांनी त्याच आईला तेच चार प्रश्न विचारता येतील आणि घरात मिक्सर पुन्हा सुरू झाला का, हे कळेल.